इंग्रजीतील ‘शो’ : कोणाला, काय आणि कसे दाखवायचे

‘शो’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ पाचवीतल्या मुलाला विचारला तरी ते ‘दाखवणे’ असे सांगेल, आणि ते उत्तर बरोबरच आहे. तरीही येवल्याच्या दुकानात परदेशी गिऱ्हाइकापुढे पैठणी उलगडणारा विक्रेता, पांडवलेणीवर पर्यटकांना घेऊन जाणारा मार्गदर्शक किंवा अंबडच्या कारखान्यात पाहुण्यांसमोर यंत्र चालवून दाखवणारा तरुण अभियंता याच शब्दापाशी अडखळतो, कारण अडचण अर्थाची नसून मांडणीची आहे. मराठीत ‘मला ती पैठणी दाखवा’ म्हटले काय आणि ‘ती पैठणी दाखवा मला’ म्हटले काय, ‘ला’ हा प्रत्यय आपले काम चोख करतो. इंग्रजीत असा प्रत्यय नाही; तेथे शब्दाची जागाच प्रत्ययाचे काम करते. दुसरी अडचण अशी, की मराठीतले ‘दाखवणे’ हे क्रियापद ‘शो’पेक्षा कितीतरी ऐसपैस आहे आणि त्याच्या निम्म्याअधिक वापरांत इंग्रज माणूस ‘शो’ म्हणतच नाही. पुढचे विवेचन या दोन अडचणींभोवती बेतलेले आहे. २०२७ मध्ये सिंहस्थ असल्याने देशोदेशीच्या पाहुण्यांशी बोलण्याची वेळ नाशिककरांवर वारंवार येणार आहे, म्हणून उदाहरणेही शक्यतो त्याच प्रसंगांतली घेतली आहेत.

रूपे आणि उच्चार

वर्तमानकाळात ‘शो’ आणि ‘शोज’, भूतकाळात ‘शोड’, तिसरे रूप ‘शोन’ आणि चालू क्रियेसाठी ‘शोइंग’ एवढीच या क्रियापदाची रूपे आहेत. ‘ही शोड मी द रूम’, म्हणजे त्याने मला खोली दाखवली. ‘ही हॅज शोन मी द रूम’, म्हणजे त्याने मला खोली दाखवली आहे. ‘हॅज शोड’ असेही रूप काही शब्दकोशांत नोंदलेले आढळते, पण ते कमी प्रचारात असल्याने लेखनात ‘शोन’च वापरावे. कर्मणी प्रयोगात तर ‘शोन’ला पर्यायच नाही : ‘वुई वेअर शोन टू रूम्स’, म्हणजे आम्हाला दोन खोल्या दाखवण्यात आल्या. ‘डिड’ किंवा ‘डिडन्ट’ आले की क्रियापद मूळ रूपात परतते, म्हणून ‘ही डिडन्ट शोड’ हे चूक आणि ‘ही डिडन्ट शो’ हे बरोबर.

उच्चारात दोन ठिकाणी जपावे. इंग्रजीतला हा ‘ओ’ मराठी ‘ओ’सारखा एका जागी थांबत नाही, तो शेवटी किंचित ‘उ’कडे झुकतो. त्याहून महत्त्वाचा आहे तो ‘श’. बोलण्याच्या ओघात ज्यांचा ‘श’ ‘स’कडे जातो त्यांच्या तोंडी ‘शो’चा ‘सो’ होतो, आणि ‘सो’ म्हणजे ‘म्हणून’ किंवा ‘पेरणे’ किंवा ‘शिवणे’ असे ऐकणाऱ्याला वाटू शकते. लिहिताना एस-एच-ओ-डब्ल्यू आणि एस-एच-ओ-ई यांची अदलाबदल होऊ देऊ नये. दुसरा शब्द ‘शू’, म्हणजे बूट. ‘शाइन’ या क्रियापदाच्या भूतकाळाचा उच्चार अमेरिकेत ‘शोन’ असाच होतो, ब्रिटनमध्ये मात्र तो ‘शॉन’ असा होतो. स्पेलिंग वेगळे असल्याने वाचताना गोंधळ होत नाही, ऐकताना होऊ शकतो. जुन्या इंग्रजी ग्रंथांत आणि कायद्याच्या कागदांत हाच शब्द एस-एच-ई-डब्ल्यू असा लिहिलेला दिसतो. १६११ च्या इंग्रजी बायबलातही तो तसाच आहे. ते मुद्रणदोष नव्हेत, जुने लेखन आहे.

या शब्दाचा पूर्वेतिहास येथे थोडक्यात सांगितलाच पाहिजे, कारण पुढची परीक्षा त्याच्यावरच उभी आहे. जुन्या इंग्रजीत या धातूचा अर्थ ‘पाहणे, न्याहाळणे’ असा होता, आणि जर्मन भाषेतले ‘शाउएन’ हे त्याचे भावंड आजही ‘पाहणे’ याच अर्थाने वापरले जाते. इंग्रजीत पुढे अर्थ उलटला आणि ‘पाहणे’चे ‘पाहायला लावणे’ झाले. तरीही पाहणारा माणूस त्या शब्दातून कधी गेला नाही. ‘शो’ म्हटले की कोणाच्या तरी डोळ्यांना काहीतरी दिसते किंवा कोणाच्या तरी बुद्धीला काहीतरी पटते. हे दोन्ही नसेल तर बहुधा ‘शो’ चालत नाही.

माणूस आधी की वस्तू आधी

पहिली मांडणी अशी : ‘शो’, मग माणूस, मग वस्तू. ‘शो मी द पैठणी.’ येथे माणसाच्या आधी ‘टू’ येत नाही. दुसरी मांडणी अशी : ‘शो’, मग वस्तू, मग ‘टू’, मग माणूस. ‘शो द पैठणी टू मी.’ दोन्ही शुद्ध आहेत, पण त्यांची सरमिसळ करून ‘शो टू मी द पैठणी’ असे म्हटले की वाक्य मोडते. आपल्याकडे सर्वांत जास्त ऐकू येणारी चूक हीच आहे, आणि ती का होते हे उघड आहे : ‘मला’ या शब्दातला ‘ला’ बोलणाऱ्याच्या मनात ‘टू’ होऊन बसलेला असतो व मराठीच्या क्रमानुसार तो आधी बाहेर पडतो.

दोन्हींतली कोणती निवडावी? इंग्रजी वाक्यात नवी किंवा महत्त्वाची माहिती शेवटाकडे ढकलण्याची प्रवृत्ती असते. गिऱ्हाईक समोर उभेच आहे आणि प्रश्न कोणती साडी काढायची एवढाच आहे, तेव्हा ‘शाल आय शो यू समथिंग इन ग्रीन?’ हे सहज वाटते. साडी हातात आहे आणि ती कोणाला दाखवायची हे ठरवायचे आहे, तेव्हा ‘शो धिस टू युअर मदर’ हे बरे. वस्तू ‘इट’ या सर्वनामाने सांगितली असेल तर दुसरी मांडणीच घ्यावी : ‘शो इट टू हर’. माणसाचे वर्णन लांबलचक असेल तरी दुसरीच घ्यावी, म्हणजे ‘शो द रिसीट टू द मॅन सिटिंग नेक्स्ट टू द गेट’. एवढे लांब वर्णन मध्ये कोंबले तर पावती कोठे हरवली ते ऐकणाऱ्याला समजत नाही.

हे सौख्य ‘शो’च्या सगळ्या भावंडांना लाभलेले नाही. ‘एक्स्प्लेन’, ‘डिस्प्ले’, ‘एक्झिबिट’, ‘डेमन्स्ट्रेट’, ‘इंडिकेट’ यांपैकी कोणाच्याही लगेच पुढे माणूस बसत नाही. ‘शो मी द प्रॉब्लेम’ चालते म्हणून ‘एक्स्प्लेन मी द प्रॉब्लेम’ चालेल असे समजू नये. तेथे ‘एक्स्प्लेन द प्रॉब्लेम टू मी’ असेच म्हणावे लागते.

आता वस्तूऐवजी एखादी कृती दाखवायची असेल तर ‘हाऊ टू’ हवे. ‘शो मी टू फिल धिस फॉर्म’ हे चूक. ‘शो मी हाऊ टू फिल इन धिस फॉर्म’ हे बरोबर. आणि जागा दाखवायची असेल तर प्रश्नाचा क्रम सोडून द्यावा लागतो. ‘व्हेअर इज द टिकेट विंडो?’ हा स्वतंत्र प्रश्न आहे, पण ‘शो मी’ पुढे आले की तो ‘शो मी व्हेअर द टिकेट विंडो इज’ असा वळतो व ‘इज’ शेवटी जातो. ही सवय जिभेला लागेपर्यंत मोठ्याने म्हणण्याशिवाय दुसरा उपाय नाही.

माणसाच्या पुढे ‘टू’ आणि त्याच्या पुढे जागा आली तर अर्थ थोडा बदलतो. ‘शो द गेस्ट हिज रूम’ म्हणजे पाहुण्याला खोली दाखवा, बघून घेऊ द्या. ‘शो द गेस्ट टू हिज रूम’ म्हणजे त्याला खोलीपर्यंत पोहोचवा. हॉटेलात काम करणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा, कारण दुसऱ्या वाक्यात सामान उचलून पुढे चालणेही अपेक्षित असते.

‘दाखवणे’ जेथे ‘शो’ नसते

विषयाचा खरा गाभा येथे आहे. वर सांगितलेली परीक्षा लावावी : कोणाच्या डोळ्यांना काही दिसते आहे का, किंवा कोणाला काही पटते आहे का?

‘आईला डॉक्टरांना दाखवायचे आहे’ हे वाक्य घ्या. ‘आय हॅव टू शो माय मदर टू द डॉक्टर’ असे इंग्रजी आपल्याकडे सर्रास बोलले जाते, पण इंग्रज माणसाला त्यात आई ही प्रदर्शनातली वस्तू झाल्यासारखे वाटते. त्याच्या भाषेत ‘आय हॅव टू टेक माय मदर टू अ डॉक्टर’ किंवा स्वतःसाठी ‘आय नीड टू सी अ डॉक्टर’. याच दवाखान्यात ‘शो’ योग्य ठरते ते असे : ‘शो द डॉक्टर युअर रिपोर्ट्स’ आणि ‘शो मी व्हेअर इट हर्ट्स’. रिपोर्ट डोळ्यांनी पाहायचा असतो, दुखरी जागा बोटाने नेमकी करायची असते.

रस्त्याचेही तसेच. रामकुंडाकडे जाण्याचा रस्ता तोंडाने सांगायचा असेल तर तो ‘टेल’ आहे. नकाशावर, हाताने किंवा बरोबर चालत जाऊन दाखवायचा असेल तर तो ‘शो’ आहे. ‘कुड यू टेल मी हाऊ टू गेट टू रामकुंड?’ असे विचारणाऱ्याला शब्द पुरतात. ‘कुड यू शो मी ऑन द मॅप?’ असे विचारणाऱ्यापुढे फोन धरावा लागतो. नुसते बोट दाखवले तर तो ‘शो’ही नाही, तो ‘पॉइंट’ : ‘ही पॉइंटेड टू द टेम्पल’. ‘ही शोड मी काळाराम टेम्पल’ याचा अर्थ त्याने मला मंदिर फिरवून दाखवले असाही होतो, आणि मार्गदर्शकाच्या मानधनाच्या दृष्टीने या दोन वाक्यांत बराच फरक आहे.

त्यानंतर येते ते मराठीचे खास वैभव, म्हणजे ‘ऊन’ प्रत्ययानंतरचे ‘दाखवणे’. ‘वाचून दाखव’ म्हणताना कोणी काही पाहत नाही, ऐकतो. म्हणून ते ‘रीड इट आउट टू मी’. ‘आजोबांना गाणे म्हणून दाखव’ हे ‘सिंग अ साँग फॉर ग्रॅन्डपा’. ‘तिने नाराजी बोलून दाखवली’ हे ‘शी सेड शी वॉज अनहॅपी’. या तिन्ही ठिकाणी ‘शो’ घातले तर वाक्य हास्यास्पद होते. ‘करून दाखवणे’चे मात्र दोन भाग करावे लागतात. शिकवण्यासाठी करून दाखवायचे असेल तर ‘शो मी हाऊ यू डू इट’ हे नेमके आहे, कारण शिकणारा पाहतो आहे. एखाद्याने लोकांच्या शंका खोट्या ठरवून काम तडीस नेले असेल आणि आपण ‘त्याने करून दाखवले’ असे म्हणत असू, तर ‘ही डिड इट’ एवढेच पुरते. फार तर ‘ही प्रूव्हड दॅट ही कुड डू इट’. ‘गाडी चालवून दाखव’ याला ‘लेट मी सी यू ड्राइव्ह’ हे सहज इंग्रजी आहे, म्हणजे आपले ‘दाखव’ तिकडे ‘मला पाहू दे’ होते. हे वळण लक्षात ठेवण्यासारखे आहे. ‘लेट मी सी’ने अनेक अवघड जागा सुटतात.

देवाला नैवेद्य दाखवणे हे ‘ऑफर’, शो नव्हे. आमिष दाखवणे हे ‘टेम्प्ट’, भीती दाखवणे हे ‘स्केअर’, वाकुल्या दाखवणे हे ‘मेक फेसेस’. वाक्प्रचारांत तर शब्दशः जाण्याचा मोह पूर्णपणे टाळावा. अर्जाला केराची टोपली दाखवली म्हणजे ‘दे इग्नोर्ड अवर ॲप्लिकेशन’. योजनेला हिरवा कंदील दाखवला म्हणजे ‘दे गेव्ह द प्लॅन द ग्रीन लाइट’. गाडीला हिरवा झेंडा दाखवणे हे भारतीय वृत्तपत्रांच्या इंग्रजीत ‘फ्लॅग ऑफ’ असे रूढ झाले आहे. कात्रजचा घाट दाखवणे म्हणजे फसवणे, ‘ही ट्रिक्ड अस’. नाशिककरांना कसारा घाट जवळचा असूनही या कामासाठी घाट कात्रजचाच लागतो, ही गोष्ट वेगळी.

उलट काही ठिकाणी दोन्ही भाषा आश्चर्यकारकरीत्या जुळतात. आदर, दया, धैर्य, रस, उत्साह या भावना मराठीत ‘दाखवल्या’ जातात आणि इंग्रजीतही ‘शो’ केल्या जातात, कारण त्या वागण्यातून दिसतात. फक्त पुढचे शब्दयोगी अव्यय पाठ करावे लागते : ‘शो इंटरेस्ट इन’, ‘शो मर्सी टू’, ‘शो रिस्पेक्ट फॉर’. एखाद्याला बाहेरचा रस्ता दाखवणे म्हणजे ‘शो समवन द डोअर’, येथेही जुळणी आहे. ‘थांब, दाखवतोच तुला’ ही धमकीसुद्धा ‘आय विल शो यू’ अशी जशीच्या तशी पोहोचते.

पुराव्याचा ‘शो’

‘पटणे’ या अर्थाने ‘शो’ येतो तेव्हा त्याच्या पुढे बहुधा ‘दॅट’ आणि पूर्ण वाक्य येते. नाशिककरांसाठी याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही : १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी येथे १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ती क्षत्रप राजा नहपानाची नाणी होती, आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. आता इंग्रजीत काय लिहावे? ‘द कॉइन्स शो दॅट गौतमीपुत्र रीइश्यूड नहपानाज मनी’, म्हणजे गौतमीपुत्राने नहपानाचा पैसा पुन्हा चलनात आणला हे नाण्यांवरून दिसते. येथे ‘शो’ योग्य आहे, कारण दोन्ही छाप डोळ्यांपुढे आहेत. मात्र त्या विजयाच्या वेळी लोकांना काय वाटले असेल याविषयी लिहायचे झाले तर ‘सजेस्ट’ वापरावे, कारण नाणी तेवढे बोलत नाहीत. ‘सजेस्ट’ म्हणजे सूचित करणे, ‘शो’ म्हणजे दाखवून देणे, ‘प्रूव्ह’ म्हणजे शंकेला जागा न ठेवणे. पांडवलेण्यातल्या तिसऱ्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा शिलालेख आपल्या मुलाची, म्हणजे याच गौतमीपुत्राची, स्तुती करतो. तो लेख त्या आईला मुलाचा अभिमान होता हे ‘शो’ करतो, पण स्तुतीतला शब्दन्शब्द खरा असल्याचे ‘प्रूव्ह’ करत नाही. विद्यार्थ्यांच्या निबंधांत ‘प्रूव्ह’ फार स्वस्त झालेले असते. त्या जागी ‘शो’ ठेवले तर विधान अधिक प्रामाणिक होते.

गणिताच्या प्रश्नपत्रिकेत ‘शो दॅट’ आले की मात्र नुसते दाखवून भागत नाही. तेथे त्याचा अर्थ ‘सिद्ध करा’ असाच असतो व प्रत्येक पायरी लिहावी लागते.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ॲकॅडमिक लेखनाच्या पहिल्या भागात आलेख पाहून किमान १५० शब्द लिहायचे असतात. ‘द ग्राफ शोज’ ही सुरुवात तेथे चुकीची नाही, फक्त प्रत्येक वाक्य तिनेच सुरू केले की लेखन कंटाळवाणे होते. एखाद्या ठिकाणी ‘इलस्ट्रेट्स’ किंवा ‘कम्पेअर्स’ घ्यावे. आकृतीचा उल्लेख ‘ॲज शोन इन फिगर वन’ असा करावा, ‘ॲज शोइंग’ असा नव्हे.

पडद्यावर दिसणे

मोबाइल आणि संगणक यांनी ‘शोइंग’ला आपल्या तोंडी कायमचे बसवले आहे. ‘इट इज शोइंग एरर’ यात काळ बरोबर आहे, कारण ती गोष्ट या क्षणी घडते आहे. चूक एवढीच की ‘एरर’च्या आधी ‘ॲन’ हवे. परंतु नकाशा, तक्ता, फोटो, वेळापत्रक या स्थिर गोष्टींसाठी साधा वर्तमानकाळ घ्यावा : ‘द मॅप शोज द ओल्ड घाट्स’, ‘मॅप इज शोइंग’ नव्हे. ‘माझी शिल्लक दाखवत नाही’ याला ‘माय बॅलन्स इज नॉट शोइंग अप’ म्हणता येते, पण ‘नेटवर्क दाखवत नाही’ याला ‘आय हॅव नो सिग्नल’ हे जास्त सरळ आहे.

कर्म नसलेले ‘शो’ याच कुळातले आहे आणि आपल्याकडे ते जरुरीपेक्षा कमी वापरले जाते. डाग दिसत नाही : ‘द स्टेन डझन्ट शो’. रफू केलेले कळत नाही : ‘द रिपेअर डझन्ट शो’. अनुभव लपत नाही : ‘हर एक्स्पीरियन्स शोज’. शिंप्याने, रंगाऱ्याने आणि पैठणी विकणाऱ्याने ही तीन वाक्ये अवश्य पाठ करावीत.

सीसीटीव्हीत काय दिसले हे सांगताना वस्तूच्या पुढे ‘इंग’ रूप येते : ‘द फुटेज शोज अ मॅन ओपनिंग द शटर’, म्हणजे शटर उघडताना एक माणूस दिसतो.

जोडीने येणारे शब्द

‘शो अप’ म्हणजे येऊन पोहोचणे, बहुधा उशिरा किंवा न आल्याची तक्रार करताना : ‘द ड्रायव्हर डिडन्ट शो अप’. हा प्रयोग अनौपचारिक आहे. साहेबांविषयी ‘यू शोड अप लेट’ असे त्यांच्याच तोंडावर म्हणू नये, ‘यू अराइव्हड’ म्हणावे. हॉटेलात खोली राखून न आलेल्या पाहुण्याला ‘नो-शो’ म्हणतात ते यावरूनच.

‘शो ऑफ’चा एक अर्थ सर्वांना ठाऊक आहे, बढाई मारणे, मिरवणे. त्याचा दुसरा अर्थ कापड व्यवसायाला फार उपयोगी आहे : एखाद्या गोष्टीचे सौंदर्य खुलवणे. ‘द ग्रीन बॉर्डर शोज ऑफ द पर्पल’, म्हणजे हिरव्या काठामुळे जांभळा रंग खुलतो. गिऱ्हाइकाला हे वाक्य खुशाल ऐकवावे, त्यात उपहास नाही.

‘शो अराउंड’ म्हणजे फिरवून दाखवणे. ब्रिटिश बोलण्यात ‘शो राउंड’ असेही येते. नाशिकच्या वाइनरीत पाहुण्यांचे स्वागत करताना ‘लेट मी शो यू अराउंड’ हे वाक्य रोजचे आहे. सर्वनाम नेहमी मध्ये बसते : ‘शो देम अराउंड’, ‘शो अराउंड देम’ कधीही नाही. ‘शो इन’ म्हणजे आत घेऊन येणे, ‘शो आउट’ म्हणजे दारापर्यंत सोडायला जाणे. दुसऱ्यात सौजन्य आहे, हकालपट्टी नाही.

नाम म्हणून ‘शो’

मराठीने हा शब्द उचलून आपल्या पद्धतीने वाढवला आहे, म्हणून इंग्रजीत परत नेताना सांभाळावे लागते. अंगणातली ‘शोची झाडे’ इंग्रजीत ‘ऑर्नामेंटल प्लांट्स’ होतात. दिवाणखान्यातला काचेचा घोडा आपल्याकडे ‘शोपीस’ असतो, तर इंग्रजीत तो साधा ‘ऑर्नामेंट’. ‘शोपीस’ तेथे अभिमानाने पुढे करण्याजोग्या उत्कृष्ट नमुन्याला म्हणतात. ‘शोरूम’ दोन्हीकडे सारखेच. तीन पत्तीत उरलेल्या दोघांपैकी एकाने मागितलेला ‘शो’ मात्र अस्सल आपला.

दादासाहेब फाळके १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मले, त्यामुळे चित्रपटाच्या ‘शो’वर या जिल्ह्याचा थोडा हक्क आहेच. सिनेमाचा ‘खेळ’ म्हणजे ‘शो’ किंवा ‘स्क्रीनिंग’, आणि कर्म नसलेले क्रियापदही चालते : ‘द फिल्म इज शोइंग ॲट सिक्स’. नाटकाचा प्रयोग मात्र ‘परफॉर्मन्स’ होय. कालिदास कलामंदिरात आज रात्री प्रयोग आहे, हे सांगताना ‘एक्स्पेरिमेंट’ हा शब्द ऐकू येतो आणि ऐकणाऱ्याला रसायनशाळा आठवते.

ग्रामसभेत हात वर करून घेतलेले मत ‘अ शो ऑफ हॅन्ड्स’, मोर्च्यातले शक्तिप्रदर्शन ‘अ शो ऑफ स्ट्रेंग्थ’, दिखाव्यासाठी केलेले काही ‘फॉर शो’. संग्रहालयात ठेवलेल्या वस्तूंसाठी ‘ऑन डिस्प्ले’ सर्वत्र समजते, तर ‘ऑन शो’ हे प्रामुख्याने ब्रिटिश वळण आहे. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी येथे नाण्यांचे संग्रहालय आहे. तेथील फलकासाठी ‘ओल्ड कॉइन्स आर ऑन डिस्प्ले हिअर’ हे निर्दोष वाक्य ठरेल. ‘डिस्प्ले’ म्हणजे मांडून ठेवणे, ‘शो’ म्हणजे कोणापुढे तरी आणणे. दुकानाच्या काचेत साडी ‘डिस्प्ले’ होते, गादीवर उलगडली की ‘शो’ होते. ‘एक्झिबिट’ औपचारिक प्रदर्शनासाठी, ‘डेमन्स्ट्रेट’ यंत्र चालवून दाखवण्यासाठी.

सराव

रोजच्या कामातली ‘दाखवणे’ असलेली वाक्ये मराठीतच वहीत उतरवावीत, मग प्रत्येकापुढे दिसते, पटते की यांपैकी काहीच नाही, याची खूण करावी. पहिल्या दोन गटांतली वाक्ये ‘शो’ने लिहावीत, तिसऱ्यातली दुसरे क्रियापद शोधून. त्यानंतर पहिल्या गटातले प्रत्येक वाक्य दोन्ही मांडण्यांत म्हणून पाहावे. हे काम लिहून झाल्यावर मोठ्याने करावे, कारण ‘शो टू मी’ ही चूक लेखणीपेक्षा जिभेची अधिक आहे.

कार्यालयातील ‘शो कॉज’

‘कारणे दाखवा नोटीस’ या मराठी शब्दाने सर्वांना परिचित असलेला हा प्रयोग कायद्याच्या इंग्रजीतला आहे आणि तो ठरावीक साच्यातच येतो. नोटिशीत साधारणपणे असे असते : ‘यू आर हिअरबाय डायरेक्टेड टू शो कॉज, विदिन सेव्हन डेज, ॲज टू व्हाय डिसिप्लिनरी ॲक्शन शुड नॉट बी टेकन अगेन्स्ट यू’. म्हणजे तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई का करू नये याचे कारण सात दिवसांत द्यावे. ‘कॉज’च्या आधी ‘अ’ किंवा ‘द’ येत नाही, आणि माणूसही येत नाही.

उत्तर देताना मात्र हे क्रियापद उचलू नये. ‘आय ॲम शोइंग कॉज’ असे लिहिणे विचित्र दिसते. ‘विथ रेफरन्स टू युअर शो-कॉज नोटीस’ असे लिहून पुढे नोटिशीची तारीख द्यावी, नंतर ‘आय सबमिट ॲज फॉलोज’ असे म्हणून घटना तारखांच्या क्रमाने मांडाव्यात. कागदपत्रांसाठी ‘आय ॲम शोइंग द डॉक्युमेंट्स’ऐवजी ‘कॉपीज आर एन्क्लोज्ड’ लिहावे. मुदत अपुरी वाटत असेल तर ती संपण्याआधीच ‘आय रिक्वेस्ट सेव्हन मोअर डेज टू सबमिट माय रिप्लाय’ हे एक वाक्य स्वतंत्र अर्जात पाठवावे आणि त्या अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.